भस्मकेतू माजघरात

कामोठे,
२० जुलै २०२५

आजी,

इथूनच पाया पडतो. फोन सोडून पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी 'हॅलो' म्हटलं की अख्खी आळी 'बोल रे' म्हणते. हे प्रकरण आळीत जायला नको. सगुणाकाकूने वाचून दाखवावं आणि विसरून जावं.

तुझ्या पत्त्यावर एक मोठं खोकं येईल. त्यात भस्मकेतू आहे. लहानपणी सुट्टीत तुझ्या पडवीत लोळून मी ज्या चित्रकथा वाचायचो, त्यातला हा सगळ्यात दुष्ट माणूस. अडीच फुटी पुतळा आहे. हात-पाय सांध्यांतून वळतात, शिरस्त्राण निघतं आणि बदलायला एक जास्तीचं डोकंही मिळतं. फार थोडे बनवलेत. माझा नंबर लागला हे नशीब.

तो इथे का नाही मागवला? कारण आईने जाहीर केलंय की घरात आणखी एक बाहुला शिरला तर आधी तो भंगारात जाईल आणि पाठोपाठ मी. कारखान्यात सध्या शिफ्ट अशा लागल्यात की गणपतीलाही सुट्टी नाही. तर तूच खोकं उघड आणि नीट बघ. कुठे तडा आहे का, रंग उडालाय का, सांधा सैल आहे का. बिघाड असेल तर लगेच कळवावं लागतं. शिवाय मी इंटरनेटवर 'खलनायकांचं कपाट' या नावाने अशा पुतळ्यांची परीक्षणं लिहितो, तिथे लोक वाट बघतायत. तुला जे दिसेल ते सगुणाकाकूला सांग, त्यावरून मी लिहीन.

आता दुसरं. गेल्या वर्षी शाळेतल्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. बाबांनी अलिबागच्या इस्पितळाची तारीख घेतली, तर तू त्या सकाळी गोठ्यात जाऊन बसलीस. आजी, जास्त थांबलं तर नंतर शस्त्रक्रिया करूनही नजर येईलच असं नाही म्हणतात. का जात नाहीस तू?

तुझा,
प्रणय

*

३० जुलै

प्रणय बाबा,

आशीर्वाद घे. राक्षस सांभाळायला ठेवलास, तेव्हा तुला आशीर्वादाची गरज दिसते.

हे बोलतेय मी आणि लिहितेय सगुणा. ती अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिते, म्हणून अक्षर नीट आहे म्हणे. माझ्या 'हाय'चं ती 'आहे' करते आणि 'न्हाय'चं 'नाही'. करू दे. पत्र शहरात चाललंय तर कपडे बदलून जाऊ दे.

खोकं आलं. टेम्पोवाल्याने विचारलं, "काकी, फ्रीज घेतला काय?" मी म्हटलं, "न्हाय रे, नातवानं लगीन करायचं सोडून हे पाठवलंय." तो बिचारा मान खाली घालून गेला.

आता तुझा माल. खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं, त्यात स्पंज आणि त्या स्पंजात हा झोपलेला. माझ्या बाळंतपणातसुद्धा कुणाला एवढं गुंडाळलं नव्हतं. वास नव्या चपलेचा. वजन धोंड्यासारखं, पण सगळं खालच्या अर्ध्यात. छातीवर टिचकी मारली तर आत पोकळ. म्हणजे मोठ्या माणसांसारखाच आहे. शिंगं दोन, त्यातलं डावं बोटाच्या पेराएवढं लांब. बैल असता तर बाजारात कुणी दात बघायलाही थांबला नसता. कमर बाईची, खांदे रेड्याचे. हा भातलावणीला वाकला तर चौघांनी धरून उठवावा लागेल. अंगावरचं कवच इतकं धारदार की माझा पदर दोनदा अडकला. पाठीवरचं कापड सुळसुळीत, सुरवारीच्या अस्तराचं. उजवा गुडघा वळवला की कडकड वाजतो. माझा वाजतो तो जुना म्हणून. याचा नवा असून वाजतो, हे कंपनीला विचार. दात मात्र सगळे आहेत, एकेक चाचपून बघितला.

एवढा मोठा दुष्ट म्हणतोस, मग याची मूठ का मिटत नाही? हातात काठी द्यायची तर ती सुटून पडते. ज्याला काठी धरता येत नाही त्याला आमच्याकडे दुष्ट म्हणत नाहीत, जावई म्हणतात.

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कालच सुईत दोरा ओवला. ते शिबिरातले डॉक्टर म्हणजे कालची पोरं, त्यांना सगळ्या म्हाताऱ्यांमध्ये मोतीबिंदूच दिसतो. सगुणा का हसली विचारू नको. सगुणा, हे लिहू नको.

तुझी,
आजी

ता. क. हे मी वाचून दाखवणार नाही. प्रणय, सुईत दोरा मी ओवला. काल चहा ओतला तो कपाच्या बाजूला. मला गप्प बसायची शपथ घातलीय, म्हणून बोलत नाही, लिहितेय. – सगुणा

*

कामोठे,
८ ऑगस्ट

आजी,

तू इंटरनेटवर प्रसिद्ध झाली आहेस. मी तुझं परीक्षण एक शब्द न बदलता छापलं. मी स्वतः लिहितो तेव्हा प्रत्येक पुतळा 'भव्य' असतो आणि प्रत्येक सांधा 'अप्रतिम'. कारण एकदा विकत घेतल्यावर माणूस स्वतःला मूर्ख कसा म्हणणार? तू गुडघ्याबद्दल लिहिलंस आणि लोकांनी आपापल्या घरचे गुडघे वळवून बघितले. सगळ्यांचे वाजतायत. कंपनीने माफी मागितली. जावयाच्या वाक्यावर तर नागपूरहून एका जावयाचं पत्र आलं, आता ते काय सांगू.

पण सगळे एकच विचारतात. वजन सांगितलं, वास सांगितला, आवाज सांगितला, रंगाबद्दल एक अक्षर नाही. चेहऱ्याचा रंग कसा उतरलाय? या पुतळ्यात सगळी मेहनत तिथेच आहे. तेवढं कळव.

आणखी एक काम. शिंगं नाजूक असतात, या हवेत त्यांचा जोड सुटतो. शिरस्त्राण, कवच आणि पाठीवरचं कापड काढून वेगळं ठेव. मग ते रागीट डोकं काढून दुसरं बसव, ध्यानाला बसल्यावरचं शांत मुद्रेचं. आणि त्याला परत खोक्यात झोपव.

आणि डोळ्यांचं काय? तू उत्तर देताना डॉक्टरांचं वय सांगितलंस, डोळ्यांचं काही सांगितलं नाहीस.

प्रणय

*

१५ ऑगस्ट

प्रणय बाबा,

आशीर्वाद. नागपूरच्या जावयालाही थोडे दे.

मी बोललेलं लोक वाचतात म्हणतोस. मला मात्र ते सगुणाकडून ऐकावं लागतं. आपलाच जोंधळा आपणच उसना मागायचा, असली तऱ्हा.

रंग विचारलास. राक्षसाला असतो तसाच आहे. काळा. गालाकडे जरा तांबूस. रंगाचं एवढं काय घेऊन बसायचं? आजोबांना मी लग्नात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही कुणी रंग विचारला नव्हता. सगुणा मध्येच काही सांगायला बघत होती. मी म्हटलं, तुझं काम लिहायचं, बोलायचं काम माझं.

मुंडकं बदललं. पिरगाळलं आणि खटकन हातात आलं. एवढ्या सोप्या मरणाचा राक्षस मी ऐकला नव्हता. दुसरं बसवलं. हे बरं आहे. गुळगुळीत, नाक सरळ, ओठ मिटलेले, केस पाठीवर मोकळे. आमटीत मीठ जास्त पडलं की तुझा बाप जसा शांत बसतो, तसा बसलाय. कवच काढल्यावर तर अगदीच गरीब झाला. खोक्यात घालून माजघरात ठेवलाय.

त्याच्या शेजारी आता दुसरं खोकं आलंय. तुझ्या आईने पेणहून नवी गौर पाठवली. आम्ही तेरडा आणायचो, त्याची जुडी बांधायचो, वर मुखवटा लावून साडी नेसवायचो. ते तुझ्या आईला, क्रांतीबाईंना, जुनाट वाटतं. आता फायबरची उभी गौर, हात वळणारी, तयार मुंडक्याची. तुम्हा मायलेकरांची आवड एकच आहे, भांडता कशाला?

मी म्हटलं, आण. पण नेसवणार मीच. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. घरातल्या मोठ्या बाईने दार लावून एकटीने गौर नेसवायची आणि नेसवून होईतो कुणी बघायचं नाही. सासूने ते काम माझ्या हातात दिलं तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. तुझी आई म्हणत होती, "आई, यंदा मी येऊ का मदतीला?" मी म्हटलं, मी अजून मेले नाही.

आजी

ता. क. तो हिरवा आहे. कच्च्या कैरीसारखा. डोळे लाल. – सगुणा

*

कामोठे,
२३ ऑगस्ट

आजी,

तो हिरवा आहे.

कंपनीच्या फोटोत हिरवा आहे, चित्रकथेत हिरवा आहे, जन्मापासून हिरवा आहे. सगुणाकाकूला ओरडू नकोस, मला ते आधीच माहीत होतं. मी मुद्दाम विचारलं नव्हतं, पण तुझं उत्तर आल्यावर कंपनीचा फोटो परत उघडून बघितला. तुला दिसत नाही ना? कमी दिसतं असं नाही. दिसतच नाही.

मी आई-बाबांना काही सांगितलेलं नाही. तू स्वतः सांग. आणि यंदा गौर नेसवायला आईला आत घे. रीत मोडली तर माझ्या नावावर घाल.

प्रणय

*

५ सप्टेंबर

प्रणय,

आशीर्वाद आहेच, पण आज जरा आखडता.

तुझ्या आईने तुला फोनवर सगळं सांगितलं असेल, वरून फोडणी घालून. आता माझ्याकडून ऐक.

तुझं शेवटचं पत्र सगुणाने वाचून दाखवलं. मी म्हटलं, चुलीत घाल. माजघरात उजेड कमी आहे, त्यात हिरवं काय आणि काळं काय. आणि मदतीला माणूस घ्यायचा म्हणजे मग घरभर सांगायचंच की म्हातारी संपली.

गौरी यायच्या दिवशी तुझ्या बापाने मखराला जागा करायला दोन्ही खोकी इकडची तिकडे केली. बायका पाणवठ्यावरून गौर घेऊन यायच्या आत मी दार लावलं, खोकं उघडलं आणि नेसवायला घेतलं. हात लावल्या लावल्या मला वाटलं, पेणच्या माणसाने काम चोख केलंय. नाक सरळ, ओठ मिटलेले, केस मोकळे. खांदे तेवढे रुंद लागले. म्हटलं, हल्लीच्या बायका व्यायामाला जातात, गौरही गेली असेल. छाती सपाट होती, ती दोन खणांनी भरून काढली. मनगटं जाड, बांगड्या चढेनात, त्या दोऱ्याने बांधल्या. नाकाला भोक नव्हतं, नथ मेणाने चिकटवली. पण निऱ्या? प्रणय, तशा निऱ्या मी तुझ्या आत्याच्या लग्नातही घातल्या नव्हत्या. एकेक बोटाने मोजून बसवली. हाताला ठाऊक असतं ते.

तुला वाटेल, आधी एवढा चाचपला होता तरी ओळखला कसा नाही. शिंगं तू काढायला लावलीस, कवच तू काढायला लावलंस, शांत मुंडकं तू बसवायला लावलंस. माझ्या हाती उरलं काय? हा निम्मा गुन्हा तुझा आहे.

मी दार उघडलं. बायकांचं गाणं चालू होतं, ते मध्येच थांबलं. मग आपली वेणूबाई म्हणाली, "अगो ठमा, गौर आजारी हाय का?"

मी म्हटलं, "का गो?"

"न्हाय, तोंडावर जरा हिरवट दिसते."

"पेणहून आली टेम्पोत बसून," मी म्हटलं, "तुझ्या तोंडावर काय गुलाब फुलले होते, अलिबागहून एसटीनं आलीस तेव्हा?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. तुझा बाप म्हणाला, "आये, अगो ही गौर न्हाय, हा–" आणि तुझ्या आईने त्याला तिथेच तोडलं. ती पुढे आली. बांगड्या वाजल्या तशी मला कळली. गोड आवाज काढून म्हणाली, "किती सुरेख नेसवलंय आई तुम्ही." आणि तिने हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. मग बाकीच्यांनीही लावलं. तुझी आई मला टोमणा मारायचा असला की असाच मधाळ आवाज काढते. मी म्हटलं, असेल काहीतरी, पदर उलटा गेला असेल.

दुसऱ्या दिवशी गौरीला आपल्या आळीत लागतो तो वडे-मटणाचा नैवेद्य निघाला, तेव्हा सगुणाने चुलीपाशी कानात सांगितलं, आपण कुणाची पूजा केली ते. नैवेद्य हातात होता. मी म्हटलं, आता खरीला पण आणा आणि बसवा शेजारी, बहीण-भाऊ म्हणून. बसवली. विसर्जनाला त्याला पाण्यात घालायला निघाले होते, मी घालू दिलं नाही. म्हटलं, परका माल आहे. त्याच्या कपाळावर कुंकू अजून आहे. ते निघत नाही म्हणतात. तुझ्या कपाटवाल्यांना सांग, सौभाग्यवती आहे.

आता तुम्ही सगळे म्हणाल, म्हातारीला दिसत नाही. मला दिसत नाही हे मलाही माहीत होतं, एवढी आंधळी नाही मी.

आणि तू सारखं विचारतोस, का जात नाहीस. सुरीला घाबरते असं तुझ्या बापाला वाटतं. वाटू दे म्हटलं, बरं होतं ते. पण आता लाज सगळीच गेलीये, तर हीदेखील जाऊ दे.

त्या शिबिरात भिंतीवर पाटी होती. एक बाई म्हणाली, वरची ओळ वाचा. मी म्हटलं, वाचता येत नाही. तिने मोठ्याने कुणाला तरी सांगितलं, यांना वरची ओळसुद्धा दिसत नाही. मी म्हटलं, अगो बाय, दिसतंय, चार काळे ठिपके दिसतात, पण वाचता येत न्हाय. ती म्हणाली, "एकही अक्षर नाही?" मागे रांगेत बायका होत्या, मुरुडच्या, आगरदांड्याच्या. त्या हसल्या.

मी अख्खा जन्म अक्षराशिवाय काढला आणि कुणाला कळू दिलं नाही. एसटीची पाटी वाचली नाही, कंडक्टरच्या हाकेवर चढले. बँकेत अंगठा लावायचा तर पदर पुढे घेऊन लावला. लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, चष्मा सापडत नाही, तूच वाच. चष्मा मला कधी नव्हताच. तेवढं झाकलेलं त्या पाटीपुढे भर रांगेत उघडं पडलं. परत त्या पाटीपुढे मी उभी राहणार नाही. डोळे गेले तर गेले.

सगुणा, तू थांबलीस का? डोळे पूस आणि लिही. शाई पसरेल.

आजी

*

कामोठे,
१४ सप्टेंबर

आजी,

आधी कबूल करतो, मी हसलो. 'गौर आजारी हाय का' इथे आलो तेव्हा शेजारच्यांनी भिंत ठोकली. मग शेवटाकडे आलो आणि हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

मला आईने फोनवर काय, परत आल्यावरही यातलं काहीही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, गौरी कशा झाल्या, तर म्हणाली, छान झाल्या, आईंनी नेसवली होती. बस. बाकी सगळं मला तुझ्याच पत्रातून कळलं.

मी सुट्टीच्या दिवशी अलिबागला जाऊन आलो. आपल्या तारखेच्या इस्पितळात. तिथल्या सिस्टरना म्हटलं, ज्याला वाचता येत नाही त्याचे डोळे तुम्ही कसे तपासता? त्या म्हणाल्या, एवढंच ना? आणि त्यांनी पाटी उलटी केली. मागे दुसरी पाटी. तिच्यावर एकही अक्षर नाही. एकच खूण आहे, वरून खाली बारीक होत गेलेली. अगदी आपलं वाळक्या पानांचा पातेरा ओढायचं दाताळं, तीन दातांचं. कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. तोंडाने काही बोलायचंसुद्धा नाही. दात जिकडे असतील तिकडे हात करायचा. सिस्टर म्हणाल्या, निम्मी माणसं या बाजूनेच तपासतो. कोळणी येतात, फक्त उर्दू वाचणारे येतात, शाळेत न गेलेली पोरं येतात. कुणाला विचारायलासुद्धा लागत नाही.

शिबिरातल्या बाईंना ती पाटी उलटायचं सुचलं नाही. त्यात तुझं काय उघडं पडलं?

मी सिस्टरना तुझं नाव सांगून ठेवलंय. दाताळ्याची बाजू बाहेर असेल. नवी तारीख दिवाळी झाल्यावरची आहे. तू ये. नाही आलीस तर मी भस्मकेतूला पाठवीन, त्याचे डोळे तसेही लाल आहेत.

प्रणय

*

१६ नोव्हेंबर

प्रणय बाबा,

यावेळी आशीर्वाद बघून देतेय. उजव्या डोळ्याने. डावा पुढच्या महिन्यात.

जायच्या सकाळी मी गोठ्याकडे वळलेच होते, खोटं कशाला बोलू. तर तुझी आई गोठ्याच्या दारातच पाट टाकून बसलेली. ती आदल्या दिवशीच कामोठ्याहून आली होती. मी म्हटलं, "गुरांना बघायला आले." ती म्हणाली, "गुरं बरी आहेत, गाडी आलीय." असली बाई माझ्या मुलाने कुठून शोधली कोण जाणे.

इस्पितळात पाटी होती. मला वाटतं होती. आधीच्या तपासणीत मला तिच्यावर एकही दाताळं दिसलं नाही. पण ते दिसलं नाही म्हणून दिसलं नाही, वाचता येत नाही म्हणून नाही. यात फरक आहे, तुला कळेल. पट्टी काढल्यावर परत उभं केलं. मी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे हात करत गेले. पार खाली, मुंग्यांनी पातेरा ओढावा एवढी बारीक दाताळी होती, तिथपर्यंत. मागे रांग होती. कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "झपाट्याने वाचते हो ही." मी तिला काही सांगितलं नाही. वाचू दे तिच्या मनात मला थोडं.

आता तुझ्या कपाटासाठी दुसरं परीक्षण, हे डोळ्यांनी केलेलं. रागीट मुंडकं परत बसवून बघितलं. मेल्या, हा हिरवा म्हणजे किती हिरवा! पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर शेवाळ चढतं, त्याला एवढा रंग नसतो. भुवया कंपनीने वाकड्या काढल्यात, डावी कपाळावर चढलीय. त्यामुळे तो दुष्ट दिसत नाही, त्याला कुणीतरी हिशोब विचारलाय असा दिसतो. दात पिवळे. हे मात्र खरं वाटतं. एकूण मत असं की चाचपायला बरा होता, बघायला उगाच. पण ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्यावा, साडीत शोभतो.

आणखीही काय काय दिसलं. सगुणाचे केस पांढरे झालेत, मला कुणी बोललं नाही. सगुणा, लिही, लिही. तुझ्या केसांचं फोनवर बघितलं. पांढरे व्हायला ते असायला हवेत. भिंतीला पोपडे धरलेत आणि तुझा बाप म्हणायचा, घर नव्यासारखं आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला बरंच सुखात ठेवलं होतं.

आणि एक सांगायचं आहे, ते शेवटी ठेवलं.

काल तुझी आई डोळ्यात औषध घालायला बसली होती. तिच्या फोनमध्ये फोटो होते. मी म्हटलं, दाखव, आता मला दिसतंय. ती एकेक पुढे सरकवत होती आणि एक पटकन सरकवला. मी म्हटलं, मागं आण तो. नको आई, म्हणाली. मी म्हटलं, क्रांती, मागं आण.

गौरीचा होता, कुणीतरी बाजूने काढून तिला पाठवलेला. मी दार उघडून उभी, एवढी ताठ की वाटावं स्वतःच लग्नाला उभी आहे. मागे तो, हिरवागार, नथ घालून. निऱ्या खरंच सुरेख झाल्यात, ते बोलल्याशिवाय राहवत नाही. समोर अख्खी आळी. वेणूबाईने तोंडात पदर कोंबलाय. कुणाचे डोळे हसून हसून मिटलेत, कुणी दुसरीच्या पाठीमागे लपलीय. तुझा बाप छपराकडे बघतोय. मला त्या दिवशी एवढंच वाटलं होतं की कुणीतरी एक हसलं. सगळे हसत होते.

एक सोडून. तुझी आई ताट घेऊन पुढे निघालीय आणि माझ्याकडे बघतेय. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. तिच्या गालांवरून पाणी वाहतंय आणि तोंड मात्र असं ठेवलंय की आवाजात काही येऊ नये. त्या तोंडाने ती म्हणाली होती, किती सुरेख नेसवलंय आई तुम्ही. आणि मी इतके दिवस त्याला टोमणा समजत होते.

मी खूप वेळ बघितला तो फोटो. ती औषधाची बाटली हातात धरून बसली होती.

मग मी फोन परत दिला. म्हटलं, "साडी चुरगळली होती त्या दिवशी तुझी. इस्त्री करायची तरी."

ती म्हणाली, "झालं. आता हेही दिसायला लागलं का तुम्हाला?" आणि माझा दुसरा डोळा आपल्या पदराने पुसला, ज्यात औषध घातलंच नव्हतं.

आजी